नाकीडोळी नीटस

‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने’ ही म्हण मराठी शाळांतील अनेक पिढ्यांनी पाठ केली. अर्थाच्या जागी ‘अडचणींमागून अडचणी येणे’ असे लिहिले की गुण मिळे. वर्गात बसक्या नाकाची एखादी मुलगी असली, तर मागच्या बाकांवरून खसखस पिके. ती कोणत्याही प्रगतिपुस्तकात नोंदली जात नसे. काळ्या, ढब्ब्या, लुकड्या, बुटक्या, चष्मिस ही नावे हजेरीपटावर कधीच नव्हती, तरी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात हाका त्याच नावांनी मारल्या जातात. हाक मारणाऱ्याला त्यात आपुलकी वाटते. ज्याला हाक मारली, त्याला काय वाटते हे विचारण्याची प्रथा नाही.

रूपावरून माणसाची प्रत ठरविण्याची सवय जुनी आहे. तिला शास्त्राचा मुलामा चढला तो इंग्रजी अमदानीत. हर्बर्ट रिस्ले या सनदी अधिकाऱ्याने बंगाल प्रांतात लोकांच्या नाकांची मोजमापे घेवविली. नाकाच्या रुंदीला त्याच्या उंचीने भागून शंभराने गुणायचे, की झाला ‘नासिका निर्देशांक’. नाक जितके रुंद, तितकी जातीची सामाजिक पायरी खालची, असा सिद्धान्त त्याने १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून मांडला. पुढे १९०१ च्या जनगणनेची सूत्रेही त्याच्याच हाती आली. आजीच्या म्हणीतले नाक असे सरकारी दप्तरात जाऊन बसले.

या सिद्धान्ताची झडती घेणाऱ्यांत मालवणला जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये अग्रभागी होते. १९३२ साली त्यांनी तीच मोजमापे प्रांतवार पडताळली. उत्तर हिंदुस्थानच्या एका पट्ट्यात रिस्लेचे म्हणणे काहीसे जुळते, इतर प्रांतांत ते टिकत नाही, असे त्यांना आढळले. अस्पृश्य हा वेगळा वंश नव्हे, हे दाखविताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात अशाच मोजमापांचा आधार घेतला. त्याआधी बर्लिनमध्ये इरावती कर्वे यांनी माणसाच्या कवट्या मोजल्या. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशाप्रमाणे बदलते, ही त्यांच्या मार्गदर्शकाची अपेक्षा होती. बाईंचे आकडे तिला दुजोरा देईनात, आणि त्यांनी प्रबंधात तसेच लिहिले. परदेशातल्या एका विद्यार्थिनीने गुरूसमोर दाखविलेले हे धैर्य शालेय पुस्तकांत यायला हवे होते.

पुस्तकांत आले ते निराळेच. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात मुलीचे कुरूप असणे व अपंगत्व ही हुंड्याची कारणे म्हणून दिली होती. २०१७ साली त्यावरून गदारोळ झाला आणि तो मजकूर वगळण्याचे आश्वासन शिक्षणमंत्र्यांना द्यावे लागले. जून २०२० मध्ये पश्चिम बंगालच्या बर्धमान येथे बालवर्गाच्या इंग्रजी मुळाक्षरांच्या पुस्तकात ‘अग्ली’ या शब्दापुढे काळ्या वर्णाच्या माणसाचे चित्र आढळले. दोन शिक्षिका निलंबित झाल्या. त्याच महिन्यात, १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या गोरेपणाच्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढण्याची घोषणा झाली. डबी तीच राहिली.

चिडवणे कुठवर जाऊ शकते, हे जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीने पाहिले. अरुणाचल प्रदेशचा निदो तानिया हा विद्यार्थी लाजपतनगरच्या बाजारात असताना त्याच्या रंगविलेल्या केसांची कुणी टिंगल केली. त्यातून मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने कायद्यातील बदलांबरोबरच ईशान्येचा इतिहास शिकविण्याची शिफारस केली. राजधानीतल्या मुलांना आपल्याच देशबांधवांचे चेहरे परके वाटतात, हे समितीला मान्य करावे लागले.

ईशान्य भारतावरचे एनसीईआरटीचे पुस्तक २०१७ साली निघाले, तेही पूरक वाचन म्हणून. परीक्षेला नसलेले पुस्तक किती घरांत उघडले जाते, हे पालकांना वेगळे सांगायला नको.