लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर : एका तरुण वैमानिकाची हकीकत

आमचा हिंगोलीचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात मोडत असे; स्वतंत्र जिल्हा म्हणून तो 1999 साली उदयास आला. पहिले महायुद्ध म्हटले म्हणजे येथील मनुष्यास ती फार दूरची गोष्ट वाटते. परंतु 1918 साली निजामाने दिलेल्या द्रव्यातून ब्रिटिश वायुदलाची एक संपूर्ण तुकडी विमानांनी सज्ज झाली. 110 क्रमांकाच्या त्या तुकडीस 'हैदराबाद' हे नाव मिळाले, व तिच्या विमानांवर ह्या देणगीचा उल्लेख रंगविलेला असे. शत्रूने तिची जितकी विमाने पाडली, त्याहून अधिक अपघातांत मोडली.

ह्यात नवल नाही. त्या काळी उड्डाण शिकणे हेच मुळी प्राणसंकट होते. वेग कमी पडला की विमान गरगरत खाली येई, आणि ब्रिटिश वैमानिकांजवळ हवाई छत्री नसे. 1917 मध्ये स्मिथ-बॅरी नामक अधिकाऱ्याने गॉसपोर्ट येथे नवी पद्धत घालून दिली. शिष्यास मुद्दाम बिकट प्रसंगात न्यावयाचे व त्यातून सुटण्यास शिकवावयाचे, अशी ती रीत होती. तत्पूर्वी किती कोवळी मुले शत्रूचे तोंड न पाहताच गेली असतील! त्याच वर्षाच्या डिसेंबरात कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय विमानासह कोसळला. त्यास मृत समजून शवागारात ठेविले, आणि शुद्धीवर येऊन त्याने आतून दार ठोठावले, असे सांगतात. तो पुढे जुलै 1918 मध्ये लढाईत पडला. तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता.

आता आमच्या मुंबईच्या तरुणाकडे वळू. श्रीकृष्ण वेलिंगकर हा केंब्रिजच्या जीझस कॉलेजचा विद्यार्थी. हिंदी मनुष्यास वैमानिक अधिकारी करण्याची तेव्हा सरकारची तयारी नव्हती. हरदित सिंग मलिक ह्यांनाही प्रथम नकारच मिळाला होता. फ्रेंच त्यांस घेण्यास राजी झाले, व त्यांच्या ऑक्सफर्डच्या गुरुजींनी वरिष्ठ सेनापतीस पत्र लिहिले, तेव्हा कोठे 1917 साली दार उघडले. त्याच वर्षी वेलिंगकरही त्या दारातून आत गेला. मरावयास जाण्यासाठीसुद्धा अर्ज-विनंत्या कराव्या लागाव्यात, ह्याचे आम्हांस आजही वैषम्य वाटते.

त्याची नेमणूक 23 क्रमांकाच्या तुकडीत झाली. तेथे 'सॉपविथ डॉल्फिन' जातीची विमाने होती. ह्या विमानात वैमानिकाचे डोके वरच्या पंखातील उघड्या चौकटीतून बाहेर राही. त्यामुळे चोहोकडे उत्तम दिसे खरे. पण उतरताना विमान उलटले तर सारा भार मानेवर येण्याची धास्ती. नवख्यांस ते विमान मुळीच आवडत नसे. वेलिंगकर ते चालविण्यास शिकला, आणि त्यातूनच शत्रूवर गेला.

जून 1918 च्या अखेरीस त्याचे विमान पडले. जखमी अवस्थेत तो जर्मनांच्या हाती लागला, व थोड्याच दिवसांत, वयाच्या तेविसाव्या वर्षी, वारला. शत्रूने त्यास सैनिकास साजेशा रीतीने पुरले. मात्र नाव चुकीचे लिहिले गेले. त्यामुळे युद्ध संपल्यावरही घरच्यांस त्याच्या थडग्याचा ठाव लागेना. चौकशी झाली, आणि अखेर तो सापडला. फ्रान्समध्ये आमियाँ शहराजवळ हँगार्ड येथील दफनभूमीत आज त्याच्या खऱ्या नावाची शिळा उभी आहे.