बऱ्हाणपूरचे भूमिगत जल आणि वारशाची राजमान्यता

सन 2024 च्या मार्च महिन्यात युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य सूचीत मध्य प्रदेशातील सहा स्थळांची नोंद झाली. ग्वाल्हेरचा किल्ला, धमनारची लेणी, भोजपूरचे भोजेश्वर मंदिर, चंबळ खोऱ्यातील शैलचित्रे व मंडला जिल्ह्यातील रामनगरच्या वास्तू यांच्या पंक्तीस बऱ्हाणपूरचा खुनी भंडारा, ज्यास कुंडी भंडारा असेही म्हणतात, तो जाऊन बसला. या वार्तेने बऱ्हाणपूरकरांस आनंद झाला, तो यथार्थच होय. तथापि अशा नोंदीने काय साधते व काय साधत नाही, आणि ज्या वास्तूवर अनेक धर्मांचा, अनेक भाषांचा व आजच्या काळी अनेक प्रांतांचाही वारसाहक्क पोहोचतो, तिला मान्यता देण्याची योग्य रीत कोणती, या प्रश्नांचा विचार आनंदाच्या भरात मागे पडू नये म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे नगर कोणाचे, ते पाहू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस खानदेशच्या फारुकी राजवंशातील नासिरखानाने ते तापीच्या काठी वसविले आणि खुलदाबादेस चिरविश्रांती घेत असलेल्या शेख बुऱ्हानुद्दीन गरीब या चिश्ती संताचे नाव त्यास दिले. म्हणजे नगराचे नावच मुळी दक्षिणेतून आलेले आहे. सन 1601 च्या जानेवारीत असीरगड पडला व खानदेश अकबराच्या राज्यात गेला. पुढे दक्षिणेच्या सुभ्याचे मुख्य ठाणे म्हणून बऱ्हाणपूर गजबजले. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सन 1615 च्या नोव्हेंबरात येथे येऊन शाहजादा परवीझास भेटला. मुमताजमहल सन 1631 च्या जूनमध्ये येथेच निवर्तली आणि आग्ऱ्यास नेईपर्यंत तिचा देह पैलतीरी जैनाबादच्या बागेत होता. पुरंदरच्या तहामुळे मराठी इतिहासात कायमचे स्थान मिळविलेले मिर्झाराजे जयसिंग सन 1667 मध्ये येथेच मृत्यू पावले. त्यांची छत्री आजही उभी आहे. गुरू गोविंदसिंग सन 1708 मध्ये नांदेडास जाताना येथे मुक्कामास होते.

मराठ्यांचा या नगराशी संबंध दुहेरी आहे. सन 1681 च्या आरंभी छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरवर छापा घालून बहादुरपुऱ्यासह तेथील संपन्न पुरे लुटले. आमच्या पाठ्यपुस्तकांतून बऱ्हाणपूर भेटते ते बहुधा एवढ्याच प्रसंगी. परंतु सन 1760 मध्ये उदगीरच्या विजयानंतर निजामाने असीरगड व बऱ्हाणपूर पेशव्यांस दिले, ते पुढे शिंद्यांकडे गेले आणि जवळजवळ शंभर वर्षे या नगराचे जीवन मराठी अमलाशी निगडित राहिले. लुटलेले नगर आणि नांदविलेले नगर, या दोहोंची स्मृती एकत्र बाळगणे आम्हांस शिकावे लागेल.

या नगराचा स्वभाव एकाच जागी वाचावयाचा असेल तर जामा मशिदीकडे जावे. आदिलशाह फारुकी उर्फ राजा अलीखान याने ती बांधविली. तिच्यात अरबी लेखाबरोबरच एक संस्कृत शिलालेख आहे. आरंभी सृष्टिकर्त्यास वंदन, मग फारुकी राजांची वंशावळ आणि नंतर काळाचा निर्देश. संवत 1646, शके 1511, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध दशमी, शिवाय वार, नक्षत्र व घटिका. इसवी सनाने हा काळ 1590 चा आरंभ होय. उत्तरेकडे चालणारा विक्रम संवत आणि आम्हां मराठी माणसांच्या पंचांगातील शक व संवत्सरनाम ही एका मशिदीच्या दगडावर शेजारी शेजारी कोरली गेली. ज्याने हा लेख कोरविला त्याच्या पुढे अरबी वाचणारा आणि संस्कृत वाचणारा असे दोन्ही प्रजाजन होते. हे ऐक्य पुढच्या पिढ्यांनी कल्पिलेले नाही, ते राजाज्ञेने तिथिवारासह नोंदलेले आहे.

आता कुंडी भंडाऱ्याकडे वळू. सन 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान येथे असता, तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने ही योजना आखली असे मानले जाते. हिंदी दोह्यांचा कर्ता म्हणून ज्यास आपण ओळखतो तोच हा रहीम. योजनेचे तत्त्व साधे आहे. सातपुड्याच्या उतारावर पडलेले पाणी जमिनीत मुरून तापीकडे झिरपत असते. त्याच्या वाटेत ओळीने विहिरी, म्हणजेच कुंड्या, खणावयाच्या आणि त्यांचे तळ बोगद्याने जोडावयाचे. बोगद्यास मंद उतार दिला की रहाट, मोट वा बैल यांवाचून पाणी आपल्या भाराने नगरापर्यंत चालत येते. मार्गात ऊन लागत नाही, की शत्रूस ते सहजी अडविता येत नाही. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटिअरकारांस अशा आठ योजनांचा माग लागला होता. त्यांपैकी दोन उतावळी नदीच्या पाण्यावर, तर उरलेल्या सहा अशा झिऱ्यांवर चालत. कुंडी भंडारा हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय.

हे तंत्र इराणचे, तेव्हा ही वास्तू परकीय, असे कोणी म्हणेल. परंतु पाऊस सातपुड्याचा, खडक येथला, खणणारे हात येथले आणि पाणी पिणारा तर सर्व जातिधर्मांचा. शिवाय हे तंत्र दक्षिणेत केवळ बऱ्हाणपूरलाच नव्हते. बीदरजवळ नौबादचा करेझ आहे. खडकीस, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेस व आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मलिक अंबराने नहर-ए-अंबरी आणली. येथे इतिहासाचा एक विलक्षण योग ध्यानात घेण्याजोगा आहे. रहीम आणि अंबर हे एकमेकांचे वैरी. सन 1616 मध्ये रहीमाचा पुत्र शाहनवाजखान याने रोशनगावच्या लढाईत अंबराचा पराभव करून खडकी उद्ध्वस्त केली. त्यानंतर लवकरच अंबराने आपल्या नगरास भूमिगत नहरेचे पाणी दिले. रणांगणात जे एकमेकांचा नाश करीत होते त्यांनी आपापल्या प्रजेची तहान भागविण्यास मात्र एकच विद्या वापरली.

अशा वारशास राजमान्यता देण्याच्या रीती आपल्याकडे कोणत्या? सन 1904 चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा, सन 1958 चा केंद्रीय कायदा आणि सन 1964 चा मध्य प्रदेशचा कायदा. सन 2010 च्या दुरुस्तीने केंद्र संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत निर्बंध आले. हे कायदे आवश्यकच आहेत. परंतु ते स्मारकाकडे सुटी वस्तू म्हणून पाहतात. घुमट वा तट यांस ही दृष्टी पुरते. ज्याचा प्राण डोंगरापासून नदीपर्यंत पसरलेल्या भूमीत आहे त्या जलयोजनेस ती पुरत नाही. कुंडीभोवती कुंपण घालता येईल, पण वरच्या उतारावर कूपनलिका खणल्या गेल्या आणि पाणी मुरण्याची जागाच उरली नाही, तर कुंपणाआड कोरडा बोगदा राहील. आजही पाण्यातील चुन्याचे थर बसून बोगदा अरुंद होत आहे.

दुसरी अडचण मालकीची. सन 2024 च्या जुलैमध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने बऱ्हाणपूरच्या शाहशुजा व नादिरशाह यांच्या कबरी आणि बीबीसाहेबांची मशीद या, 1904 च्या कायद्याखाली पूर्वीच संरक्षित झालेल्या वास्तू वक्फ ठरत नाहीत, असा निर्णय दिला. न्यायालयापुढे प्रश्न मालकीचा व अधिकाराचा होता आणि त्याचा निर्णय न्यायालयानेच करावा हे उचित. परंतु वास्तू कोणाच्या ताब्यात, हा एक प्रश्न आणि तिचा अर्थ कोणाकोणास लागू आहे, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणताही हुकूमनामा देऊ शकत नाही.

सन 1972 चा जागतिक वारसा करार, ज्यास भारताने 1977 मध्ये मान्यता दिली, तो या दुसऱ्या प्रश्नाच्या अधिक जवळ जातो. मानवी मूल्यांची देवघेव हा त्याच्या निकषांपैकी एक आहे. ओमानच्या अफलाज जलयोजना सन 2006 मध्ये आणि इराणचे अकरा कनात सन 2016 मध्ये त्याच्या सूचीत आले. तथापि संभाव्य सूचीतील नोंद म्हणजे केवळ उंबरठा होय. तिने कोणतेही कायदेशीर संरक्षण मिळत नाही. राष्ट्राने पुढे विधिपूर्वक प्रस्ताव मांडावा लागतो, आणि नोंदी वर्षानुवर्षे उंबरठ्यावरच राहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

आमची सूचना अशी की, बऱ्हाणपूरचा प्रस्ताव एकट्याने न मांडता बीदर व संभाजीनगर यांच्यासह, तीन राज्यांनी मिळून, दख्खनच्या भूमिगत जलयोजना म्हणून मांडावा. यास आधार आहे. सन 2025 च्या जुलैमध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक सूचीत आले त्यांत अकरा महाराष्ट्रातील व जिंजी तमिळनाडूतील आहे. सन 2016 मध्ये ल कोर्बुझिएच्या सतरा वास्तू सात देशांनी एकत्र मांडल्या, त्यांत आपले चंदीगडही होते. सात देशांस जे जमले ते तीन शेजारी राज्यांस अशक्य म्हणता येणार नाही. विलंब होईल, पत्रव्यवहार वाढेल, हे खरे. परंतु एकटे बऱ्हाणपूर मांडल्यास तो इराणी विद्येचा एक दूरचा नमुना ठरेल. तिन्ही एकत्र मांडल्यास दख्खनने ती विद्या कशी आपलीशी केली, हे दिसेल.

युरोपीय संघाने सन 2011 मध्ये स्थापिलेल्या वारसाचिन्हाच्या योजनेतूनही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ती योजना स्थळाचे सौंदर्य वा प्राचीनत्व यांपेक्षा सामाईक इतिहासातील त्याचे स्थान पाहते, तेथील शिक्षणकार्याची मागणी करते आणि ठरावीक काळाने त्याची तपासणीही करते. म्हणजे मान्यता ही तेथे पदवी नसून पत्करलेले काम आहे.

हे काम शाळा व अकादमी यांस शासनाची वाट न पाहताही आरंभिता येईल. फारुकींच्या संस्कृत लेखाचे सटीप मराठी भाषांतर बऱ्हाणपूर, जळगाव व बुलढाणा येथील प्रत्येक शाळेत असावे. भूगोलाच्या तासाला विद्यार्थ्यांनी कुंड्यांची ओळ नकाशावर मांडावी आणि कोणत्या कुंडीत कोणत्या महिन्यात किती पाणी आहे याची दरसालची नोंद ठेवावी. दहा वर्षांनी तीच नोंद प्रस्तावाचा भक्कम पुरावा होईल. 1681 शिकविताना 1590 व 1760 ही सनेही फळ्यावर लिहावीत. बऱ्हाणपूर आज महाराष्ट्राच्या सीमेबाहेर आहे म्हणून ते मराठी अभ्यासाच्या सीमेबाहेर जाऊ नये. तेथील पाणी अद्याप वाहते आहे, तोवर हे काम हाती घेणे अगत्याचे आहे, असे आमचे नम्र मत आहे.