गणिताच्या तासाचे नियम : पंतोजींच्या शाळेपासून माध्यमिक शाळेपर्यंत

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शिक्षणाच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने संस्था, सरकारी धोरणे आणि थोर शिक्षणप्रसारक यांच्याभोवती झाले आहे. वर्गात प्रत्यक्ष काय घडत होते, याकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. गणिताच्या तासाला विद्यार्थ्याने कसे बसावे, केव्हा बोलावे, उत्तर कोणत्या रूपात द्यावे आणि चुकल्यास काय सोसावे, हे नियम सहसा कोठे लिहून ठेवलेले नसतात. ते दंडाच्या प्रकारांतून, परीक्षेच्या पद्धतीतून आणि पाठ्यपुस्तकाच्या मांडणीतून शोधावे लागतात. आज कोणत्याही माध्यमिक शाळेत गणिताचा शिक्षक पहिल्याच दिवशी ‘नुसते उत्तर चालणार नाही, रीत दाखवा’ असे बजावतो. हा नियम वाटतो तितका जुना नाही. तो कसा आला आणि रूढ झाल्यावर त्याचे काय झाले, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

पंतोजींच्या शाळेतील शिस्त

पेशवाईच्या अस्तानंतर, १८२० च्या दशकात, मुंबई इलाख्यातील देशी शाळांची पाहणी सरकारने करविली. तिचे कागद पुढे रा. वि. परुळेकर यांनी संपादित करून १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. या शाळा देवळात, ओसरीवर किंवा एखाद्या सावकाराच्या वाड्यात भरत. मुलगा प्रथम धूळपाटीवर अक्षरे व अंक गिरवी. त्यानंतर उजळणी सुरू होई. तीत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी येत. वरच्या इयत्तेतील मुलगा पुढे म्हणे व इतर त्याच्यामागून एका सुरात म्हणत. संध्याकाळचा परवचा हा याच शिस्तीचा घरापर्यंत पोचलेला भाग होता.

या वर्गाचा नियम एकच होता : विचारताक्षणी अचूक उत्तर आले पाहिजे. अडखळणाऱ्याला छडी बसे किंवा अंगठे धरून ओणवे उभे राहावे लागे. उत्तर का बरोबर आहे, हे विचारण्याचा प्रघात नव्हता, कारण व्यवहारात त्याची गरज भासत नव्हती. चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी असलेल्या बाजारात साडेतीन शेरांचा भाव तोंडी सांगता येणे म्हणजेच हिशेब येणे होते. तराजूपुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला रीत नको होती, रक्कम हवी होती. पाठांतराची ही शिस्त निरर्थक होती असा निष्कर्ष काढणे म्हणूनच घाईचे ठरेल. मुंबई सरकारच्या कौन्सिलचे सदस्य प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्ये या शाळांतील हिशेबाच्या शिक्षणाची वाखाणणी केली आणि येथील सामान्य शेतकरी व दुकानदार आपला हिशेब इंग्लंडातील खालच्या वर्गाहून अधिक चोख ठेवतात, असे मत नोंदविले. या मतात अतिशयोक्ती आहे. खर्चिक सरकारी शाळा नकोत, हा हेतूही त्यामागे होता. तरीही ते सर्वस्वी टाकाऊ ठरत नाही.

परंतु या वर्गाचा एक अलिखित नियम दाराशीच लागू होई. तो कोणाला आत घ्यावे यासंबंधी होता. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना व बहुतेक सर्व मुलींना उजळणी ऐकूही येऊ नये अशी व्यवस्था होती. सरकारी शाळा निघाल्या तरी ती लगेच मोडली नाही. १८५६ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड येथे एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारण्यात आला. त्याने सरकारकडे दाद मागितली, तेव्हा मुंबई सरकारने सवर्णांच्या रोषाचे कारण पुढे करून हात झटकले. गणिताच्या तासाच्या नियमांची चर्चा करताना हा पहिला नियम विसरला की पुढील सर्व चर्चा मूठभरांची होते.

‘रीत’ कोठून आली

मुंबईत १८२२ मध्ये स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीच्या कामात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या लष्करी अभियंत्याचा मोठा वाटा होता. त्याने शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने हटन या इंग्रज लेखकाचे गणित मराठीत आणले. या पुस्तकांनी मराठी वाचकापुढे गणिताची वेगळी मांडणी ठेवली : आधी व्याख्या, मग नियम, मग उदाहरण आणि ते सोडविण्याची पायरीपायरीची कृती. बाळशास्त्री जांभेकर व केरो लक्ष्मण छत्रे यांनी हीच मांडणी उच्च शिक्षणात स्थिर केली.

माध्यमिक वर्गात खरा बदल युक्लिडच्या भूमितीने घडविला. भूमितीत तोंडी उत्तराला जागाच नव्हती. पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता या क्रमाने लिहावे लागे व प्रत्येक विधानासमोर कारण द्यावे लागे. ‘का?’ हा प्रश्न वर्गात विचारणे येथे प्रथमच नियमाचा भाग झाले. ज्या समाजात वडीलधाऱ्यांच्या शब्दाला कारण मागणे उद्धटपणाचे समजले जाई, तेथे सोळा वर्षांच्या मुलाने फळ्यापुढे उभे राहून विधानाला कारण मागावे, ही साधी घटना नव्हती. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली. तीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे दोघांनीही परंपरेला कारण विचारण्यातच हयात घालविली. त्याचे श्रेय एकट्या भूमितीला देता येणार नाही, हे उघड आहे.

नव्या नियमाशी सर्वांचे जमले असेही नाही. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. तेथे बाळ गंगाधर टिळक गणित शिकवीत. त्यांच्याविषयीच्या आठवणी-आख्यायिकांतून असे सांगितले जाते की, ते फळ्याचा फारसा आधार न घेता उदाहरणे तोंडीच सोडवीत आणि मध्यम बुद्धीच्या मुलांची त्यामुळे तारांबळ उडे. आख्यायिका म्हणून ती जपूनच वापरली पाहिजे. पण तोंडी हिशेबाचा जुना अभिमान इंग्रजी शाळेच्या वर्गातही शिल्लक होता, एवढे त्यातून दिसते.

तपासनीस, अनुदान आणि पाठ केलेली रीत

१८५५ मध्ये इलाख्यात शिक्षणखाते सुरू झाले आणि पुढे खाजगी शाळांना निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत आली. मुंबई इलाख्यात ती विशेष काटेकोरपणे अमलात होती. तपासनीस येई, इयत्तेप्रमाणे मुलांची विषयवार परीक्षा घेई आणि उत्तीर्णांच्या संख्येवर शाळेची रक्कम ठरे. गणितातील नापास मुलगा हा आता शाळेचा आर्थिक तोटा होता. साहजिकच शिक्षकाने सुरक्षित मार्ग धरला. तपासनीस ज्या नमुन्याची उदाहरणे घालण्याचा संभव असे, त्या नमुन्यांच्या रीती मुलांकडून घोटून घेतल्या जाऊ लागल्या. पंतोजींच्या शाळेत पाढे पाठ होत, आता पायऱ्या पाठ होऊ लागल्या. भूमितीतील सिद्धताही अक्षरांच्या क्रमासह तोंडपाठ केली जाई. आकृतीतील अक्षरे बदलली की मुलगा अडे. ‘का?’ हा प्रश्न वहीत उरला, वर्गातून मात्र गेला.

निकालानुसार अनुदानाचे तत्त्व १९०४ च्या सरकारी ठरावाने सोडून देण्यात आले. तोवर ही सवय मुरली होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेसाठी मोडी व बालबोध लेखन-वाचनाबरोबर हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती व आरोग्याचे पाठ यांची मागणी आहे. कष्टकऱ्यांच्या मुलाला सावकाराच्या वहीतील आकडा तपासता आला पाहिजे, ही गरज तीमागे वाचता येते. माध्यमिक शाळेतील ‘रीत’ आणि ही गरज यांची गाठ त्या काळात क्वचितच पडली.

नाणे बदलले, नियम बदलला

जुन्या उजळणीचा अंत शिक्षणशास्त्राने केला नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. १९६२ पासून मेट्रिक वजने सक्तीची झाली. आणे-पै आणि शेर-मण गेले आणि त्यांच्यासोबत औटकी-अडीचकीचा उपयोगही गेला. दीड शतक सुधारकांच्या टीकेला पुरून उरलेली शिस्त टांकसाळीने एका दशकात निकालात काढली.

त्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) गणित दहा वर्षे सर्वांना सक्तीचे असावे, अशी शिफारस केली. दहा अधिक दोनचा आकृतिबंध स्वीकारल्यावर महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली. जो विषय पूर्वी मोजक्यांसाठी होता, त्याच्या वर्गात आता ज्यांच्या घरी कोणी शाळा पाहिली नव्हती अशी मुले बसली. दारातील नियम निदान कागदोपत्री मोडला. आतला नियम तोच राहिला. पायरीला गुण असल्यामुळे ‘रीत दाखवा’ म्हणजे पुस्तकातील पायऱ्या त्याच क्रमाने उतरवा, असा अर्थ रूढ झाला आणि स्वतःच्या मार्गाने उत्तरापर्यंत पोचलेल्या मुलाला ‘ही आपली पद्धत नाही’ असे ऐकावे लागले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण हे उद्दिष्ट ठेवले आणि गणिताच्या भीतीची दखल घेतली, ती याच पार्श्वभूमीवर.

छडीचा प्रश्नही अर्धवटच सुटला. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. परंतु या कायद्यातील बालक सहा ते चौदा वर्षांचे आहे. भूमितीची सिद्धता, बीजगणितातील समीकरणे आणि शालान्त परीक्षेची धास्ती ज्या नववी-दहावीच्या वर्गांत एकवटते, तेथील बहुतेक विद्यार्थी वयाने त्या व्याख्येबाहेर पडतात.