चांदीपुरा विषाणू आणि वालुमक्षिका : दोन संशोधननोंदींचा इतिहास

संशोधकाच्या कार्याचे मूल्यमापन त्याच्या प्रसिद्ध निबंधांच्या संख्येवरून करण्याचा प्रघात आहे. परंतु एखाद्या नोंदीचे मोल ती प्रसिद्ध होताच ठरते असे नाही. एफ. एम. रॉड्रिग्ज यांच्या दोन नोंदी ह्या दृष्टीने विचारात घेण्याजोग्या आहेत.

भारतीय वैद्यक संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने १९५२ साली पुणे येथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ साली त्यास राष्ट्रीय विषाणू संस्था हे नाव मिळाले. येथे विषाणुशास्त्रज्ञांच्या बरोबरीने कीटकशास्त्रज्ञही काम करीत. १९६५ साली नागपूर भागात डेंग्यू व चिकनगुन्या यांची साथ चालू असता दोन ज्वरपीडितांच्या रक्तद्रवात एक निराळाच विषाणू आढळला. पी. एन. भट्ट व रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नागपूरकडील चांदीपुरा ह्या गावावरून त्यास नाव मिळाले. आकाराने बंदुकीच्या गोळीसारखा असलेला हा विषाणू अलर्करोगाच्या विषाणूचा कुलबंधू होय.

तो कोणत्या कीटकामार्फत पसरतो, हा पुढील प्रश्न होता. टी. रामचंद्र राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ सालीच डासांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. डास प्रयोगशाळेत हा विषाणू संक्रमित करू शकतात, असे त्यांत दिसून आले. तथापि प्रयोगात जे शक्य ते निसर्गात घडतेच, असे मानता येत नाही. १९७० साली रॉड्रिग्ज व त्यांच्या कीटकशास्त्रज्ञ सहकाऱ्यांनी औरंगाबाद येथील वालुमक्षिकांतून हाच विषाणू वेगळा केल्याची नोंद केली. ती अवघी दोन पृष्ठांची आहे.

वालुमक्षिका डासाहून लहान असते. तिची वाढ पाण्यात होत नाही; गोठ्यातील ओलसर, शेणमिश्रित माती व भिंतींच्या भेगा ही तिची वसतिस्थाने. तत्कालीन औरंगाबाद जिल्हा व बीड जिल्हा यांच्यामध्ये गोदावरीची सीमा होती. परंतु मातीच्या भिंती, माळवदाची घरे व लगतचे गोठे दोन्ही तीरांवर सारखेच होते. कीटकास अशी परिस्थिती अनुकूल असल्याने ती नोंद एका गावापुरती मर्यादित समजणे योग्य ठरत नाही.

पुढे १९८३ साली मेंदूच्या तीव्र विकाराच्या एका रुग्णाच्या रक्तात हा विषाणू आढळल्याचे प्रसिद्ध झाले. तरीही त्याच्या घातकतेची खरी कल्पना २००३ साली आली. त्या वर्षी तत्कालीन आंध्र प्रदेशात ३२९ बालके मस्तिष्कज्वराने आजारी पडली व त्यांपैकी १८३ दगावली. तपासाअंती चांदीपुरा विषाणूच कारणीभूत असल्याचे दिसून आले. वाहकाचा शोध घेणाऱ्यांपुढे औरंगाबादची नोंद तयार होती. करीमनगर जिल्ह्यातील वालुमक्षिकांत तो विषाणू आढळल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. मात्र तेथील वालुमक्षिका निराळ्या प्रजातीच्या होत्या. म्हणूनच कीटकाचे नाव व स्थळ यांची काटेकोर नोंद आवश्यक ठरते.

कीटकात विषाणू सापडला म्हणजे तो रोग पसरवितो हे सिद्ध झाले, असे नव्हे. ह्या दोन्ही नोंदींनी पुराव्यापलीकडे काही सांगितले नाही आणि पुरावा होता तेवढा पूर्णपणे सांगितला. भिंतींच्या भेगा लिंपणे व गोठ्यात कीटकनाशक फवारणे हे साथीच्या काळात योजले जाणारे उपाय वालुमक्षिकेच्या ह्याच माहितीवर उभे आहेत.