मनगटावरचा विंझणा

स्त्रीच्या शरीरात उतारवयाच्या उंबरठ्यावर जो पालट होतो, त्याची नोंद आमच्या वैद्यकाने फार पूर्वी करून ठेविली आहे. सुश्रुतसंहितेत रजःप्रवृत्तीचा आरंभ बाराव्या वर्षी आणि क्षय पन्नासाव्या वर्षी सांगितला आहे. युरोपात या अवस्थेस ‘मेनोपॉज’ हे नाव गार्दान नामक फ्रेंच वैद्याच्या १८२१ च्या ग्रंथापासून मिळाले. परंतु वयाची मर्यादा सांगणे निराळे, आणि त्या वयात अंगातून एकाएकी उसळणाऱ्या गरम वाफांची दाद घेणे निराळे. आमच्या घरांतून पाळी जाणे म्हणजे विटाळाच्या चार दिवसांतून सुटका, सोवळ्यातला स्वयंपाक आणि देवाची सेवा आता अखंड करावयास मोकळीक, एवढाच अर्थ बहुधा घेतला जाई. चुलीपुढे एखादी बाई घामाने निथळली तर तो जाळाचा ताप, असे म्हणून प्रकरण निकालात निघे.

वकिली पेशामुळे आम्हांस येथे पुराव्याचा प्रश्न प्रथम दिसतो. वाफ येते आणि काही मिनिटांत ओसरते. डॉक्टरांसमोर बसली असता ती येईलच असे नाही. तेव्हा बाईचा शब्द हाच काय तो पुरावा, आणि त्यावर विश्वास ठेवणारे थोडे. या शब्दाला जोड म्हणून यंत्र पुढे आले. अमेरिकेत डेट्रॉइट येथील वेन स्टेट विद्यापीठात रॉबर्ट फ्रीडमन यांनी छातीच्या मधल्या हाडावर दोन विद्युदग्रे चिकटवून त्वचेची वीजवाहकता मोजली. घाम सुटला की ती वाढते. तीस सेकंदांत दोन मायक्रोम्हो इतकी वाढ झाली की वाफ आली असे धरावे, हा मापदंड ठरला. आणि नोंद घेणारे उपकरण अंगावर बाळगून बाई आपल्या घरी वावरू लागली. अंगावरील यंत्रांच्या या इतिहासात साक्षीदार आधी आला, उपचार मागाहून.

पुढे फ्रीडमन यांनीच दाखविले की, ज्यांना हा त्रास नाही अशा स्त्रियांचे शरीर आतल्या उष्णतेतील सुमारे ०.४ अंश सेल्सिअसचा चढउतार निमूट सोसते. त्रास असणाऱ्यांत ही सवलत जवळजवळ उरतच नाही. किंचित ताप चढला की मेंदूतील उष्णतानियामक केंद्र घामाचा हुकूम सोडते. ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांस हे उत्तर पुरेसे असावे.

२००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत संयुक्त संप्रेरकांचे धोके दिसून ती मध्येच थांबविण्यात आली. पन्नाशीच्या आसपासच्या निरोगी स्त्रियांसाठी हिशेब बराच वेगळा आहे, हे पुढील अभ्यासांतून कळले. परंतु भीती पसरली ती पसरलीच, आणि औषधावाचून उपाय हवा अशी मागणी वाढली.

मनगटावरच्या शीतयंत्राचा जन्म मात्र या मागणीतून झाला नाही. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयातील काही विद्यार्थी वातानुकूलित प्रयोगशाळेत भर उन्हाळ्यात कुडकुडत होते. सारी इमारत गार करण्यापेक्षा एकेका माणसालाच ऊब वा गारवा का देऊ नये, या विचारातून २०१३ मध्ये त्यांनी पट्टा घडविला. पेल्तिए यांनी १८३४ मध्ये शोधलेले तत्त्व त्यात आहे: दोन भिन्न वाहकांच्या सांध्यातून वीज सोडली की एक बाजू गार होते, दुसरी तापते. गार बाजू मनगटाच्या आतील त्वचेला लागते. ‘एम्बर वेव्ह’ या नावाने तो २०१८ साली ग्राहकांच्या हाती पडला, आणि वाफांनी गांजलेल्या स्त्रियांनी त्याला आपलासा केला. कर्त्यांनी न योजिलेला उपयोग भोगणाऱ्यांनी शोधावा, हे आम्हांस मोठे अर्थपूर्ण वाटते.

त्याची महती वाढवून सांगू नये. तो शरीराचा आतला ताप उतरवीत नाही; विंझणवाऱ्याप्रमाणे गारव्याची जाणीव देतो. उत्तर अमेरिकन मेनोपॉज सोसायटीने २०२३ च्या आपल्या निवेदनात गारव्याच्या उपायांची शिफारस केली नाही; पुरावा अपुरा, असे तिचे मत. तरीही अमेरिकेतील दीर्घ पाहणीत हा त्रास सरासरी सात वर्षांहून अधिक टिकल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. सात वर्षे रात्री दचकून उठणारीला क्षणभराचा गारवाही क्षुल्लक वाटत नसावा.

साक्षीदार यंत्राचीही उलटतपासणी झाली. यंत्राने टिपलेल्या कित्येक वाफा बाईने सांगितल्या नाहीत, आणि बाईने सांगितलेल्या कित्येक यंत्राने टिपल्या नाहीत. अशा वेळी कोणाचे खरे मानावे? त्रास तिचा, म्हणून आमचा कौल तिच्या बाजूने.

आता मनगटावरची यंत्रे झोप, घाम, नाडी सारे लिहून ठेवितात. जी गोष्ट बाईने सासूजवळही उघड केली नसती, तिची वही दूरच्या एखाद्या कंपनीकडे जमते. आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्यात संमतीचे कलम आहे, परंतु आरोग्याच्या माहितीचा निराळा, अधिक संवेदनशील वर्ग केलेला नाही. कायद्याच्या लेखी तिच्या रात्रीच्या घामाची नोंद आणि तिचा दूरध्वनी क्रमांक एकाच पंगतीस बसतात.