व्हिएन्नाचा चौक आणि अमेरिकेचा मॉल

व्हिएन्ना शहराचा जुना गाभा पायीं फिरण्याजोगा आहे. कॉफीगृहें, नाटकगृहें, लहानमोठीं दुकानें एकमेकांना खेटून उभीं असल्यामुळें तेथें खरेदीस निघालेल्या माणसाला वाटेंत चार ओळखीचे लोक भेटल्यावांचून राहत नाहींत. ह्याच शहरांत १९०३ सालीं व्हिक्टर ग्रुएन ह्याचा जन्म झाला. व्यवसायानें तो वास्तुशिल्पी, जन्मानें ज्यू. १९३८ सालीं हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियांत शिरल्या व त्याच वर्षीं त्याला देशत्याग करावा लागला. न्यूयॉर्कला उतरतांना खिशांत अवघे आठ डॉलर होते, असें तो पुढें सांगत असे.

तेथें त्याचें नांव झालें तें दुकानांच्या दर्शनी भागांमुळें. १९३९ सालीं पांचव्या ॲव्हेन्यूवरील एका चामडी वस्तूंच्या दुकानाचें दार त्यानें रस्त्यापासून मागें घेतलें आणि मधल्या जागेंत कांचेचीं कपाटें मांडलीं. वाटसरू नुसता पाहावयास म्हणून वळे, आणि पाहतां पाहतां दारापाशीं येऊन ठेपे. पुढील हकीकत समजण्यास हें छोटें दुकान लक्षांत ठेवणें अवश्य आहे.

महायुद्धानंतर अमेरिकेंतील मध्यमवर्ग मोटारींत बसून शहराबाहेर राहावयास गेला. नव्या वसाहतींत घरें होतीं, अंगणें होतीं, परंतु चौक नव्हता. ही उणीव बाजारानें भरून काढावी असें ग्रुएनच्या मनानें घेतलें. मिनीॲपोलिसच्या डेटन कंपनीनें त्याला संधि दिली, आणि शहरालगतच्या इडायना गांवीं ८ ऑक्टोबर १९५६ रोजीं ‘साउथडेल’ उघडलें. संपूर्ण छताखालीं आणलेला, बारा महिने एकाच हवेंत ठेवलेला अमेरिकेंतील हा पहिला मॉल. मिनेसोटांतील हिवाळा हाडें गोठविणारा. आंत मात्र झाडें, उंच पिंजऱ्यांत पक्षी, बसावयास बांकें आणि कॉफी. दुकानें बहात्तर. त्यांचीं तोंडें आंतल्या चौकाकडे, आणि बाहेरच्या बाजूस बहुतेक कोऱ्या भिंती व मोटारींचें अफाट मैदान. डेटन आणि डोनाल्डसन हीं दोन प्रतिस्पर्धी भांडारें एकाच छताखालीं आलीं, हें त्या काळीं धाडसच होतें. पण एकाकडे आलेलें गिऱ्हाईक दुसऱ्याकडेही जाऊं लागलें आणि मधल्या लहान दुकानांचें आयतेंच फावलें.

ग्रुएनच्या आराखड्यांत बाजाराभोंवतीं घरें, शाळा, रुग्णालय, तळें असें सबंध नगर होतें. तें त्याच्या मनाजोगतें कधींच उभें राहिलें नाहीं. बाजार तेवढा चालला. त्यांत १९५४ च्या करविषयक कायद्यानें नव्या इमारतींचा खर्च पहिल्या कांहीं वर्षांत झपाट्यानें वजा दाखविण्याची मुभा दिली होती. तेव्हां शहराबाहेर स्वस्त जमीन घेऊन मॉल बांधणें भांडवलवाल्यांना फारच सोयीचें झालें. जुन्या शहरांतील पेठांचें गिऱ्हाईक तिकडे ओढलें गेलें. मोजे घ्यावयास आलेला माणूस तेथील दिव्यांत आणि थाटांत मूळ काम विसरतो व नुसता भटकत खरेदी करीत सुटतो, ह्या अवस्थेला पुढें ‘ग्रुएन ट्रान्स्फर’ असें नांव पडलें. ग्रुएनला तें रुचण्यासारखें नव्हतें. तथापि पांचव्या ॲव्हेन्यूवरील तीं कांचेचीं कपाटें ज्यानें मांडलीं त्याला ह्या नांवाबद्दल फारशी तक्रार करतां येत नाहीं.

१९६८ सालीं तो व्हिएन्नाला परतला. १९७६ सालीं त्याच शहराच्या दक्षिण सीमेपलीकडे ‘शॉपिंग सिटी स्यूद’ हा प्रचंड मॉल सुरू झाला. ज्या चौकाची नक्कल करावयास तो अमेरिकेंत धडपडला, त्या चौकाभोंवतालच्या लहान दुकानदारांचें गिऱ्हाईक आतां त्याच्याच कल्पनेच्या वंशजाकडे निघालें. १९७८ सालीं लंडन येथील एका भाषणांत त्यानें ह्या मॉलांचें पितृत्व जाहीरपणें नाकारलें. दोन वर्षांनीं व्हिएन्नांतच त्याचें निधन झालें. दक्षिणेकडील तो बाजार त्यानंतरही वाढतच गेला.