हृदयाच्या शेजाऱ्यांचं काय? विजेच्या एका उपचाराचा इतिहास

आपल्या तिवसा तालुक्यात धुऱ्यावरचं गवत पेटवायचं तर माणूस आधी वारा पाहतो. आग धुरा ओळखत नाही; शेजाऱ्याची संत्र्याची बाग होरपळते. हृदयाच्या ॲब्लेशनचा इतिहासही असाच शेजाऱ्यांचा आहे.

ॲब्लेशन म्हणजे ठोके बिघडवणारा हृदयाचा भाग, मांडीच्या शिरेतून नळी नेऊन, निकामी करणं. १९८२ साली अमेरिकेत मेल्विन शाइनमन आदींनी त्यासाठी विजेचा मोठा झटका वापरला. काम झालं, पण झटक्यासरशी आत स्फोटासारखा दाब तयार होई आणि हृदयालाच इजा होई. म्हणून रेडिओलहरींच्या उष्णतेनं डागणं आलं.

१९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं, की एट्रियल फिब्रिलेशनची सुरुवात बहुधा फुप्फुसातून डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांमध्ये होते. मग तिथं डागणं वाढलं. पण त्या कप्प्यामागे अगदी लगत अन्ननलिका आहे. हृदय आणि अन्ननलिका यांच्यात भोक पडल्याच्या नोंदी २००४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. क्वचित घडणारी गोष्ट, पण बहुधा जीवघेणी. गोठवण्याच्या पद्धतीत श्वासपटलाची नस दुखावू लागली.

मग वीज परतली, पण वेगळ्या रूपात. सेकंदाच्या लाखाव्या भागाइतके छोटे स्पंद पेशीच्या आवरणाला छिद्रं पाडतात. हृदयाच्या स्नायूपेशी त्याला लवकर बळी पडतात, अन्ननलिका आणि नसा बऱ्याच टिकतात. सोयाबीनमधलं तणनाशक आठवा: तण जातं, पीक राहतं. मात्र मात्रा चुकली, तर पीकही करपतं.

२०२४ मध्ये १७,६४२ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. अन्ननलिकेला भोक पडल्याचं एकही उदाहरण त्यात नव्हतं. नसेचा कायमचा लकवाही नव्हता. मोठी गोष्ट आहे ही! पण त्याच पाहणीत हृदयाची रक्तवाहिनी आकसल्याच्या घटना होत्या, आणि तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंड थकल्याच्याही. प्रमाण अगदी कमी, पण हे शेजारी नवे.

म्हणून घरातल्या कुणाला हा उपचार सुचवला, तर नुसतं ‘सुरक्षित आहे ना?’ एवढ्यावर थांबू नका. ‘कोणत्या अवयवाला सुरक्षित, आणि आता धोका कशाला?’ हेही विचारा. डॉक्टरांनीही गेली चाळीस वर्षं हाच प्रश्न विचारला, म्हणूनच उपचार बदलत गेला.